बिऱ्हाड कुठं करायचं? बडोद्याची नोकरी आणि घराचा शोध

'कुटुंब' या शब्दाचा जुना अर्थ बायको. "कुटुंब आणलंत का?" असं बडोद्याच्या कचेरीत नव्या कारकुनाला विचारत, तेव्हा विचारणाऱ्याला बायकोच म्हणायची असायची. माणूस आधी एकटाच यायचा. एखाद्या गाववाल्याकडं पथारी टाकायची, खानावळीत जेवायचं, पहिले दोन-तीन पगार हातात पडू द्यायचे आणि मग जागा बघायची. जागा मिळाली की पत्र टाकायचं, की अमुक तिथीला निघा. ज्या घरात दिवसाचे चोवीस तास काढायचे ते घर बाईला स्टेशनवरून टांगा दारात थांबल्यावरच पहिल्यांदा दिसायचं. घर निवडणारा एक नि राहणारी दुसरी.

बडोद्याच्या मराठी वस्तीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बहुतेक सरदारांबद्दल, दिवाणांबद्दल, महाराजांबद्दल. नोकरीसाठी आलेल्या मध्यम पगाराच्या माणसानं आपलं बिऱ्हाड नेमकं कुठं केलं आणि का, हा प्रश्न फारसा कुणी घेत नाही. माझं सगळं आयुष्य नकाशे नि लेव्हली बघण्यात गेल्यामुळे असेल, पण मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. शहर कुठल्या बाजूला वाढलं याचं निम्मं उत्तर त्यात सापडतं. आणि हे शहर कुणाला आत घेत होतं, कुणाला नाही, याचंही.

आधी जमीन बघू. १७३४ मध्ये बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं तेव्हा शहर म्हणजे तटाच्या आतला जवळजवळ चौरस तुकडा होता. मधोमध मांडवी, तिथून चार दिशांना चार रस्ते नि चार दरवाजे: पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. तटाच्या आत गुजराती पद्धतीच्या पोळी नि खडक्या. पोळीचं दार रात्री बंद झालं की आतले आत, बाहेरचे बाहेर. मराठे आले ते राज्यकर्ते म्हणून आणि त्यातले बरेच तटाबाहेर वाडे बांधून राहिले. पश्चिमेकडं रावपुरा, बाबाजीपुरा, दांडिया बाजार आणि दक्षिणेकडं वाडी, ही नावं आजही बडोदेकर मराठी माणसाच्या तोंडी असतात ती म्हणूनच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा चार मजली वाडा, भिंतीभर चित्रं असलेला, या भागातला सगळ्यात नावाजलेला. असे वाडे आधी उभे होते म्हणून पुढं भाडेकरूंना जागा मिळाली. सरदाराच्या पुढच्या पिढीला उत्पन्न पुरेना, मग वाड्याच्या मागच्या चौकातल्या दोन खोल्या एखाद्या कारकुनाला, वरचा माळा एखाद्या शिक्षकाला. दांडिया बाजाराची मराठी वस्ती दाट होत गेली त्यात थोरांच्या वैभवापेक्षा त्यांच्या ओसरत्या उत्पन्नाचा हात जास्त असावा, असं माझं मत आहे.

१८७५ मध्ये कवळाण्याच्या एका मुलाला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, तोच पुढं सयाजीराव तिसरा. राजा सर टी. माधवराव दिवाण झाले आणि कारभाराची घडी नव्यानं बसू लागली. महसूल, न्याय, शिक्षण, बांधकाम, सगळीकडं शिकलेली माणसं हवी होती. १८६१ पासून सुरत-बडोदा रेल्वे होती, लवकरच मुंबईचा सांधाही झाला. मुंबईत संध्याकाळी गाडीत बसलेला रत्नागिरीचा, पुण्याचा, नगरचा माणूस सकाळी बडोद्याला उतरत असे. १८८१ च्या सुमारास कॉलेज निघालं, १८९० मध्ये कलाभवन निघालं, १८८९ मध्ये गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांच्या सेवेत आले आणि १९२५ पर्यंत राहिले. रियासतकार झाले ते इथंच. त्यांच्यासारखे थोडेच, पण त्यांच्या मागं पुढं नाव न उरलेले शेकडो.

या शेकडोंना जागा बघताना पहिला हिशेब होता पायांचा. कोठीच्या कचेरीपासून दांडिया बाजार साधारण किलोमीटरभर. सकाळी जेवून निघालं तर घाम यायच्या आत माणूस टेबलाशी. स्टेशन मात्र नदीपलीकडं, दांडिया बाजारापासून तीनेक किलोमीटर. रोज टांगा करणं कारकुनाच्या पगारात बसत नव्हतं. नदीपलीकडं सयाजीगंज वसलं, उत्तरेला फत्तेगंज आणि इंग्रजांचा कँप, तिकडं मोकळी हवा होती, पण तिकडं राहायचं म्हणजे वाहन हवं किंवा बंगला देणारा हुद्दा हवा. सायकली सर्रास झाल्या तेव्हा हे गणित सैल झालं. त्याआधी चालण्याच्या अंतरानंच वस्ती आखून दिली होती.

दुसरा हिशेब पाण्याचा, नि तो बाईचा. इथं जरा रेंगाळतो, माझ्या आवडीचा विषय आहे.

आजवा व्हायच्या आधी शहर विहिरींवर नि तळ्यांवर होतं. वाड्याच्या चौकात आड असेल तर त्या वाड्याची किंमत वेगळी. आडाला पाणी गोडं की मचूळ, उन्हाळ्यात दोर किती हात सोडावा लागतो, आडावर किती बिऱ्हाडांचा हक्क, हे भाड्याच्या रकमेपेक्षा महत्त्वाचं. दोन खोल्या स्वस्त मिळाल्या नि पाणी पलीकडच्या गल्लीतून आणायचं असेल तर ती स्वस्ताई नवऱ्याची झाली, बायकोची नाही. पाच-सहा माणसांच्या घराला स्वयंपाक, सोवळं, धुणं, भांडी धरून दिवसाला किती घागरी लागत हे आपापल्या आजीला आठवून बघा. तेवढा भार रोज डोक्या-कमरेवरून आणायचा.

विश्वामित्री नि सूर्या यांच्या वरच्या खोऱ्यातलं पाणी आजव्याला मातीचं धरण घालून अडवावं आणि अठरा-एकोणीस किलोमीटरवरून निव्वळ उतारानं शहरात आणावं, ही योजना जगन्नाथ सदाशिवजी या इंजिनिअरनं पार पाडली. काम १८८५ मध्ये सुरू झालं आणि १८९२ च्या सुमारास शहरात नळ आले. पंप नाही, वाफेचं यंत्र नाही, फक्त उंचीतला फरक. सपाट मुलुखात एवढ्या अंतरावर लेव्हल राखून पाणी आणणं हे आजही सोपं काम नाही. मी त्या वाटेनं फिरलो आहे आणि दरवेळी टोपी काढावीशी वाटते. तळ्याला नाव मिळालं सयाजी सरोवर. जगन्नाथ सदाशिवजींचं नाव मात्र बडोद्यातल्या किती जणांना माहीत आहे, विचारून बघा.

नळ आल्यावर घराच्या निवडीत नवा शब्द आला. 'नळाची जागा' आणि 'बिननळाची जागा'. नळाचं पाणी सोवळ्यात चालतं का, हा वाद तेव्हा हिंदुस्थानातल्या सगळ्याच शहरांत झाला, आणि सगळीकडं तो लवकरच मिटला. चौकातल्या नळावर सकाळी लागणाऱ्या ओळीपुढं शास्त्रार्थ टिकत नाही.

तिसरा निकष प्लेगनं शिकवला. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली ती तिथल्या मांडवीतून, आणि मग ती रेल्वेच्या वाटेनं गुजरातेत आली. आपल्याकडंही मांडवी होतीच, दाट वस्तीची, धान्याच्या वखारींची, उंदरांची. साथ आली की लोक घरं सोडून शहराबाहेर झोपड्या टाकून राहात. शिरगणतीचे आकडे बोलके आहेत. १८९१ ला शहराची वस्ती सुमारे १ लाख १६ हजार होती. १९०१ ला ती १ लाख ४ हजारांच्या खाली आली, १९११ ला ९९ हजारांवर आणि १९२१ ला ९५ हजारांच्याही खाली. नळ आहेत, शाळा आहेत, कॉलेज आहे, न्यायमंदिर झालं, मार्केट झालं, मध्यवर्ती ग्रंथालय झालं, आणि माणसं मात्र तीस वर्षं घटत गेली. छप्पनचा दुष्काळ, प्लेग नि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांचा तो जमाखर्च आहे. सयाजीरावांच्या काळाचं कौतुक करताना हे आकडे आपण सहसा शेजारी ठेवत नाही, ते ठेवायला हवेत. झोपड्यांत दोन-तीन मोसम काढलेल्या माणसाला मोकळ्या जागेची चटक लागते. नदीकाठच्या नि नदीपलीकडच्या बंगल्यांकडं ऐपतदार कुटुंबांची नजर वळली ती इथून.

चौथी गोष्ट शेजाराची. ही मोजता येत नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत शेवटी हीच ठरवायची. नवरा दिवसभर कचेरीत, दौऱ्यावर गेला तर आठ-आठ दिवस अमरेलीला नाहीतर मेहसाण्याला. घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, भाषा न कळणारं गाव. शेजारी आपल्या बोलीचं कुणी असलं तर बाळंतपणाला बाई मिळते, हळदीकुंकवाला घर मिळतं, भाजीवालीशी भाव कसा करायचा ते कळतं. दांडिया बाजारातल्या वाड्यांनी हे दिलं. मुलींना शाळेत घालायचा विचार असेल, आणि १९०६ पासून तर राज्यात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत झालं, तर मराठी शाळाही हाकेच्या अंतरावर हवी. मुलांना तालमीत घालायचं तर जुम्मादादांची व्यायामशाळा तिथंच.

हा शेजार नसला की काय होतं याचं एक नावाजलेलं उदाहरण आहे. अरविंद घोष १८९३ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. खासेराव जाधवांच्या दांडिया बाजारातल्या बंगल्यात ते राहात, तोच आजचा अरविंद निवास. मित्र मराठी, मोडी-मराठी शिकण्याचीही हौस, पुस्तकांत डोकं. त्यांना काही अडचण नव्हती. १९०१ मध्ये लग्न झालं आणि चौदा वर्षांच्या मृणालिनीदेवी बडोद्याला आल्या. पण त्यांचा संसार इथं काही रुजला नाही, पुढचा बराच काळ माहेरीच गेला. त्याला अरविंदबाबूंच्या राजकारणाची नि स्वभावाची कारणं होती हे खरंच. तरी मराठी-गुजराती वाड्यावस्तीत एकाही बंगाली शेजारणीशिवाय त्या मुलीचे दिवस कसे गेले असतील, हा प्रश्न अरविंदांच्या चरित्रात मला कुठं भेटत नाही. जागा उत्तम, बंगला हवेशीर, यजमान भला. निवडली होती ती सगळी नोकरीवाल्याच्या सोयीनं.

आतापर्यंत जे सांगितलं ते ज्यांना निवड करता येत होती त्यांचं. वाड्याचा मालक ओसरीवर बसवून पहिला प्रश्न विचारायचा तो जातीचा. कोकणस्थ, देशस्थ, कऱ्हाडे, प्रभू, मराठा, प्रत्येकाला आपापल्या वाड्याची वाट माहीत असे, आणि मधल्या माणसाची चिठ्ठी असली की काम होई. पण कुठलाच वाडा ज्याचा नव्हता त्याचं काय? याचं उत्तर बडोद्यानं सप्टेंबर १९१७ मध्ये दिलं.

भीमराव आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले होते. त्या बदल्यात संस्थानची नोकरी करायचा करार होता. त्याप्रमाणे ते आले, अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले. रमाबाई मुंबईतच होत्या. आधी पुरुषानं येऊन जागा बघायची, ही रीत इथंही तीच. हा प्रसंग त्यांनी पुढं स्वतः इंग्रजीत लिहून ठेवला आहे, त्यामुळं तपशिलात शंकेला जागा नाही. हिंदू खानावळीत जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. मित्र होते, पण ऐनवेळी ते काय म्हणतील याची खात्री नव्हती. पारशांमध्ये अस्पृश्यता नाही, म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. राखणदारानं नोंदवहीत पारशी नाव लिहायच्या अटीवर ठेवून घेतलं. दर दीड रुपया रोज. महिन्याचे पंचेचाळीस झाले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळं दालन मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं यांनी भरलेलं. वीज नाही, राखणदारानं दिलेला एक कंदील. आणि खोलीला लागून एक न्हाणी, तिला नळ.

त्या नळाशी मी दरवेळी थांबतो. १८९२ नंतरच्या बडोद्यात नळ म्हणजे आजव्याचं पाणी. वीस वर्षं ज्याच्यासाठी लोक जादा भाडं मोजत आले ते पाणी या खोलीत होतं. 'नळाची जागा' होती ती. फक्त तिथं राहायला दुसऱ्याचं नाव घ्यावं लागत होतं.

अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. धर्मशाळा विटाळली म्हणाले, संध्याकाळपर्यंत खाली कर, नाहीतर परिणाम वाईट. आंबेडकर एका मंत्र्याकडं गेले, सरकारी बंगला द्या म्हणून. पण तिथून तातडीनं काही झालं नाही. मग दोन मित्र. एक हिंदू, त्यांनी वाईट वाटल्याचं सांगितलं आणि म्हणाले, तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. दुसरे ख्रिस्ती. ते म्हणाले, बायको उद्या येते आहे, तिला विचारून सांगतो. नंतर कळलं की ते घराणं मूळचं ब्राह्मण, नवरा विचारानं पुढारलेला, बायको जुन्या वळणाची. या एका उत्तराकडं मला वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. सबंध बडोद्यात बिऱ्हाडाच्या बाबतीत बायकोला विचारून सांगतो असं म्हणणारा नवरा आपल्याला कागदावर भेटतो तो इथं, आणि तो तसं म्हणतो ते नाही म्हणायचं म्हणून.

दुपारी चारच्या सुमारास ते निघाले. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले. १८७९ मध्ये सयाजीरावांनी लोकांसाठी खुली केलेली ही बाग. शहरात बसायला जागा मिळाली ती तिथं, झाडाखाली. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर सप्टेंबरात तिथं हजारो लोक येतात. आपल्या मंडळाच्या वारसाफेऱ्या न्यायमंदिर, तांबेकर वाडा, सूरसागर अशा जातात. त्यात ही जागा नेमानं असली पाहिजे असं मी दोन-तीन बैठकांत बोललो आहे, इथं पुन्हा लिहून ठेवतो. कुणी म्हणतं तो वेगळा विषय. मला तो वेगळा वाटत नाही. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली, नोकरी दिली, अंत्यजांच्या शाळा काढल्या. पण भाड्याच्या खोलीवर हुकूम चालत नव्हता, ती ओसरीवर बसलेल्या मालकाच्या ताब्यात होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. जुलै १९२७ मध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला. नदीकाठच्या मोकळ्या हवेची किंमत काय ते बंगलेवाल्यांना कळलं. मांडवीचा परिसर चढावर आहे हे जुन्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं, तरी पूर ओसरला की नदीकाठी घरं पुन्हा वाढली. २०१९ मध्ये नि २०२४ मध्येही आपण तेच पाहिलं, मगरींसकट. घर घ्यायच्या आधी वाहत्या पाण्याची जुनी खूण कुठवर होती ते विचारा, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. लोक स्वयंपाकघराच्या फरशीबद्दल विचारतात.

१९३१ पासून वस्ती पुन्हा वाढू लागली, १९४१ ला दीड लाखावर गेली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि हंसाबेन मेहता कुलगुरू झाल्या, सहशिक्षणाच्या विद्यापीठातल्या देशातल्या पहिल्या स्त्री कुलगुरू. विद्यापीठानं एक नवी गोष्ट आणली. स्त्रिया नोकरीसाठी स्वतः बडोद्याला येऊ लागल्या आणि 'मिस्टर कुठं असतात?' हा प्रश्न घरमालक विचारू लागले. खोली एकट्या बाईला द्यायची का, यावर जुन्या वाड्यांची उत्तरं जातीच्या प्रश्नाइतकीच ठाम असत. मग साठच्या दशकात खतांचा कारखाना, १९६५ मध्ये कोयलीची रिफायनरी, नंतर पेट्रोकेमिकल्स, आणि प्रत्येकाची आपापली वसाहत. माझी पिढी या वसाहतींतली. क्वार्टरचा टाइप पगाराच्या श्रेणीवर ठरायचा, जात कुणी विचारत नसे, नळाला पाणी असे. पण भाजी, शाळा, दवाखाना सगळं बसच्या वेळेवर. वसाहतीतून निवृत्त झाल्यावर पुष्कळ मराठी कुटुंबांनी कारेलीबागेत नाहीतर मांजलपुरात घरं घेतली. दांडिया बाजारात परत जाणारे थोडे. वाडे पडत होते, वाटण्या होत होत्या, आणि पार्किंग कुठं होतं?

या लेखासाठी मी वाड्यांचे चौक मोजले, आडांच्या जागा टिपल्या, कोठीपासूनची अंतरं चालून पाहिली. ते सगळं नकाशावर मांडून पुढच्या बैठकीत दाखवीन. पण भाडं किती नि कुणाला, याचा कागद लागतो. १९२० च्या आधीची भाड्याची पावती, भाडेचिठ्ठी, नळजोडणीचा अर्ज, घरपट्टीचा दाखला, काहीही कुणाच्या ट्रंकेत असलं तर दाखवा. मोडीत असेल तरी चालेल, वाचून देणारे मंडळात दोघे आहेत. आणि सासूबाईंनी आपल्या पहिल्या बिऱ्हाडाबद्दल काही सांगितलं असेल, पाणी कुठून आणायच्या, शेजारी कोण होतं, जिना किती अंधारा होता, तर तेही लिहून पाठवा. पावत्यांवर नावं सगळी पुरुषांचीच असणार.